आजोबांची सीडी आणि अक्षरांचे आकडे



या अंकासाठी प्रत्येकाने 'मी शिकलेली एक गोष्ट' या धर्तीवर अभ्यासलेख द्यायचा, असं मंडळाच्या बैठकीत ठरलं. कुणी अलंकार घेतले, कुणी ओवीचा छंद घेतला. मी माहिती तंत्रज्ञान म्हटलं तेव्हा दोघीतिघी हसल्या. "साहित्याच्या मुलीने कॉम्प्युटरवर काय लिहायचं?" असं एकीने विचारलंही. तिला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. रविवारी चर्चमध्ये गायनमंडळही तेच चालवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक वही लिहायला घेतली. गावातल्या ख्रिस्ती घरांच्या चालीरीती, लग्नातली गाणी, नाताळात कुणाच्या घरी काय करायचे, कोण कधी मुंबईला गेलं, असं सगळं त्यात होतं. २००४ च्या सुमारास त्यांनी ती वही बेळगावात एका डीटीपीवाल्या काकांकडून टाईप करून घेतली. पुस्तक छापायचं होतं, पण पैसे जमले नाहीत. पुढे आजोबा गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात पूर आला, तेव्हा आमच्या गावच्या घराची मागची भिंत पडली आणि ट्रंकेतली ती वही भिजून तिचा लगदा झाला. उरली ती एक सीडी.

दुसऱ्या वर्षी लॉकडाऊन लागला. मी पंधरा वर्षांची होते. माहिती तंत्रज्ञान म्हणजे मोबाईल, ऑनलाइन तास आणि रेंज गेली की सुट्टी, एवढीच माझी समजूत. चुलतभावाचा एक जुना कॉम्प्युटर घरात होता, त्याला सीडी लागायची. एका दुपारी मी आजोबांची सीडी घातली. फाईल उघडली. पानंच्या पानं भरलेली, पण मराठीचं एक अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, मधेच डॉलरचं चिन्ह, मधेच टोपी घातलेला 'ए', कंस, स्वल्पविराम, पुन्हा इंग्रजी अक्षरं.

आजी शेजारी बसली होती. तिला तेव्हाच कमी दिसायला लागलं होतं. "काय लिहिलंय गं?" म्हणाली.

"आजी, काहीच वाचता येत नाही."

"अगं, मराठीतच लिहिलंय की त्यांनी. तुला मराठी येत नाही होय?"

मला मराठी येत होतं. पण त्या पानांवर आजोबांचं मराठी असूनही नव्हतं. ते कुठे गेलं, हे शोधताना मी जे शिकले ते पुढे क्रमाने मांडते.

यंत्राकडे अक्षर नसतं, आकडा असतो

कॉम्प्युटर असो वा मोबाईल, त्याला 'क' माहीत नसतो. त्याच्या पोटात फक्त आकडे जातात. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हे माणसांनी आपसात ठरवलेलं असतं. म्हणजे हा एक करार आहे. १९६३ साली अमेरिकेत असा एक करार झाला, त्याला आस्की म्हणतात. त्यात १२८ जागा होत्या. इंग्रजी कॅपिटल 'ए' म्हणजे ६५, स्मॉल 'ए' म्हणजे ९७, कॅपिटल 'के' म्हणजे ७५. इंग्रजीची अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं त्यात आरामात बसली. आपला 'क' मात्र त्या यादीत नव्हता.

आकड्याचं अक्षर होऊन ते पडद्यावर दिसावं यासाठी फॉन्ट लागतो. फॉन्ट म्हणजे चित्रांचा संच. ७५ आकडा आला की फॉन्टमध्ये त्या जागी जे चित्र असेल ते पडद्यावर उमटतं.

आता विचार करा. यादीत मराठी नाही आणि डीटीपीवाल्याला तर उद्याच लग्नपत्रिका छापून द्यायची आहे. तो काय करेल? त्या काळी जी युक्ती निघाली ती अशी: यादी इंग्रजीचीच ठेवायची, फक्त फॉन्टमधली चित्रं बदलायची. ७५ च्या जागी 'के' न काढता मराठीचं एखादं चित्र काढायचं. कधी अर्धा क, कधी नुसता काना, कधी रफार. अर्ध्या अक्षराला काना चिकटवला की पूर्ण अक्षर दिसायचं. कागदावर सगळं छान उमटायचं. आपल्या आईवडिलांच्या लग्नपत्रिका, पंचायतीची पत्रकं, चर्चच्या गीतांची पुस्तकं बहुतेक अशीच छापली गेली असणार.

या युक्तीत दोन अडचणी होत्या. एक, प्रत्येक कंपनीची चित्रांची मांडणी वेगळी. एका फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्यात उघडलं की गोंधळ. दोन, यंत्राच्या लेखी ते मराठी नव्हतंच. त्याच्यासाठी ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग होती. मराठीचा भास फक्त फॉन्टमुळे व्हायचा.

आजोबांच्या सीडीचं कोडं इथे सुटलं. मी डीटीपीवाल्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "फॉन्ट टाकल्याशिवाय दिसणार नाही बाळ. थांब, मेल करतो." त्यांनी पाठवलेला फॉन्ट टाकला आणि पडद्यावर एकदम आजोबांचं पहिलं वाक्य उभं राहिलं. मी आजीला हाक मारली. तिने डोळे पडद्याला टेकवून पाहिलं, पण तिला वाचता येईना. मग मी तो मजकूर मोबाईलवर घेतला, म्हणजे मोठा करून दाखवता येईल. मोबाईलवर पुन्हा तेच डॉलर आणि टोपीवाला 'ए'. कारण फॉन्ट कॉम्प्युटरवर होता, मोबाईलवर नव्हता.

त्या रात्री मला कळलं की वाचता येण्यासारखं दिसणं वेगळं आणि खरोखर लिहिलेलं असणं वेगळं.

नवा करार

यावरचा उपाय म्हणजे आपल्या लिप्यांना त्यांचे स्वतःचे आकडे देणं. आपल्याकडे ते काम आधीच सुरू झालं होतं. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट नावाची कळफलकाची मांडणी ठरवली. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की नावाचं मानक काढलं. आपल्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकाच क्रमाची आहे (क ख ग घ, मग च छ ज झ), हे ओळखून दोन्हींची आखणी केलेली होती.

त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी मिळून एकच यादी, ही त्यामागची कल्पना. आज तिच्यात दीड लाखाहून जास्त चिन्हं आहेत. देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंतच्या १२८ जागा मिळाल्या. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्याच क्रमावर बेतली.

याचा परिणाम आपल्या भागातल्या वाचकांना आवडेल. देवनागरी 'क' चा आकडा २३२५ आणि कन्नड 'क' चा ३२२१. वजाबाकी केली तर ८९६. आता 'म' पाहा: देवनागरी २३५०, कन्नड ३२४६. वजाबाकी पुन्हा ८९६. काना २३६६ आणि ३२६२, फरक तोच. दोन्ही लिप्यांत जी अक्षरं समान आहेत त्यांच्यात हेच अंतर. माझ्या वर्गातली कन्नड मैत्रीण इन्स्क्रिप्टने कन्नड टाईप करते, मी मराठी. 'क' साठी तिचं आणि माझं बोट एकाच कळीवर पडतं. आमच्या भागात पाटी कुठल्या लिपीत लावायची यावरून काय काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. यंत्राच्या यादीत मात्र दोघी एकाच चाळीत राहतात, मधे ८९६ घरांचं अंतर.

युनिकोडमध्ये जोडाक्षराला वेगळा आकडा नाही. 'क्ष' म्हणजे क, हलन्ताचं चिन्ह आणि ष. 'ज्ञ' म्हणजे ज, हलन्त आणि ञ. तिघांना एकत्र आणून जोडाक्षराचं चित्र दाखवायचं काम फॉन्टचं. शिवाय अक्षरं लिहिण्याच्या नव्हे तर उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. 'कि' लिहिताना आपण पहिली वेलांटी आधी काढतो, पण युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. 'धर्म' मधला रफार आपण शेवटी 'म' च्या डोक्यावर देतो, पण साठवताना ध, र, हलन्त, म असा क्रम असतो. जुन्या फॉन्टमध्ये याच्या उलट, हाताने काढतो तसा दिसण्याचा क्रम होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मराठीचा विषय निघाला म्हणून आणखी एक. 'ॲ' हे अक्षर आपण ॲप, ॲडमिशन यांत रोज वापरतो. ते युनिकोडमध्ये आलं २००८ साली. माझ्या आजीचं नाव ॲग्नेस. आमच्या घरातल्या एका जुन्या मोबाईलवर तिच्या नावातलं पहिलं अक्षर दिसायचंच नाही, तिथे रिकामा चौकोन यायचा. नवं अक्षर यादीत आलं तरी जुन्या फॉन्टमध्ये त्याचं चित्र नसतं, म्हणून तो चौकोन. मी तिला दाखवलं तर म्हणाली, "बरं झालं, घर तरी बांधून दिलं मला."

आणि ज्या फॉन्टमध्ये अनेकांनी पहिल्यांदा युनिकोड मराठी पाहिलं, तो विंडोजबरोबर येणारा 'मंगल' र. कृ. जोशी यांनी घडवला. ते सुलेखनकार होते आणि मराठीतले कवीही. 'साहित्याच्या मुलीने कॉम्प्युटरवर काय लिहायचं' याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

नाताळचा मेसेज मोजून पाहू

हे सगळं रोजच्या जगण्यात कुठे येतं? एक उदाहरण घेऊ.

जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या इंजिनिअरने पाठवला. मजकूर होता 'मेरी ख्रिसमस'. इंग्रजीत मधली मोकळी जागा धरून १५ चिन्हं.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. मराठी लिहिलं की प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७०. आता आपण लिहू: नाताळच्या शुभेच्छा. डोळ्याला दिसतात ७ अक्षरं: ना, ता, ळ, च्या, शु, भे, च्छा. यंत्र मोजतं ते असं: न, काना, त, काना, ळ, च, हलन्त, य, काना, मग मोकळी जागा, मग श, उकार, भ, मात्रा, च, हलन्त, छ, काना. एकूण १८. म्हणजे ७ अक्षरांच्या शुभेच्छांनी ७० पैकी १८ जागा खाल्ल्या.

आपल्या घरातली मोठी माणसं मेसेज करताना इंग्रजी अक्षरांत मराठी का लिहायची, त्याचं एक कारण यात सापडतं. आळस असेल, सवय असेल, पण हिशोबही होता. अनेक फोनवर देवनागरी दिसायचीच नाही, आणि दिसली तर एका मेसेजचे दोन व्हायचे. पैसेही दोनचे जायचे.

आज व्हॉट्सॲपवर ही मर्यादा नाही. आता बहुतेक मजकूर युटीएफ-८ या पद्धतीने साठवला जातो. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ साली तयार केली. तिच्यात इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो आणि देवनागरी चिन्हाला ३. जागा जास्त लागते, पण इथे लिहिलेलं वडोदऱ्यात, हैदराबादेत किंवा दुबईत उघडलं तरी तेच मराठी राहतं.

घरी एक प्रयोग करून पाहा. मोबाईलवर 'क्षि' लिहा आणि मागे खोडायची कळ एकेकदा दाबा. बहुतेक फोनवर अक्षर एकदम जात नाही. आधी वेलांटी जाते, मग ष, मग हलन्त, शेवटी क. ज्यांना जोडाक्षर फोडायला अवघड जातं त्या लहान भावंडांना शिकवायला ही उत्तम युक्ती आहे. मी माझ्या भावाला अशीच शिकवली.

आचार्य कुठले गं?

आता पुन्हा आजोबांकडे. त्यांचा मजकूर जुन्या फॉन्टच्या आकड्यांतून युनिकोडच्या आकड्यांत न्यायचा होता. हे काम करणारी साधनं असतात, त्यांना कन्व्हर्टर म्हणतात. या चित्राच्या जागी हे अक्षर, अशी लांब यादी त्यात असते. मी मजकूर घातला, कळ दाबली आणि क्षणात ४२ पानं मराठी झाली. दुसऱ्या दिवशी वाचायला बसले तेव्हा आनंद ओसरला. कुठे वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटलेली, कुठे रफार एक घर पुढे सरकलेला. वर सांगितलेला क्रमाचा फरक इथे नडला. मी रोज दोन पानं दुरुस्त करायला घेतली.

आजीला वाचता येत नव्हतं, पण मोबाईलमध्ये मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची सोय असते आणि ती मराठीतही आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर दिला तर ती इंग्रजी अक्षरांची बडबड करते, कारण तिला चित्र दिसत नाही, फक्त आकडे दिसतात. युनिकोड मजकूर मात्र मराठी म्हणून वाचते. संध्याकाळी जपमाळ झाली की मी दुरुस्त केलेली पानं लावायचे. यंत्राचा आवाज सपाट होता, गाणी तर बातम्यांसारखी ऐकू यायची. पण आजी मान हलवत ऐकायची. मधेच म्हणायची, "हे माझ्याकडनं ऐकलेलं हं त्यांनी."

एका संध्याकाळी लग्नाच्या जेवणाचं पान लागलं. आजोबांनी लिहिलं होतं की पंगत बसण्याआधी मांडवात कुणाला पहिलं ताट द्यायचं याची आमच्या गावात रीत होती. मोबाईलने वाचलं, "आचार्यांना आधी जेवू घालत."

आजी थांबली. "आचार्य कुठले गं आपल्या गावात?"

मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. आजी हसायला लागली. "अगं, आचाऱ्यांना! जेवण करणाऱ्यांना. दिवसभर चुलीपुढं उपाशी राहायचे ते. त्यांचं ताट आधी."

मी ते पान दोनदा तपासलं होतं. 'आचार्यांना' हा शब्द शुद्ध होता, त्यावर कुठेही लाल रेघ येणार नव्हती. पण आजोबांनी लिहिलं होतं ते वेगळंच. मराठीत र चं एक खास रूप आहे, य आणि ह च्या आधी येणारं, पापणीसारखं आडवं. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. दोन्ही शब्दांत वर्ण जवळजवळ तेच, पण रफार कुठे द्यायचा आणि पापणी कुठे, यावर अर्थ ठरतो. कन्व्हर्टरने त्या एका जागी पापणीचा रफार केला होता. गावात ज्यांना आधी जेवू घालत ते स्वयंपाकी त्यामुळे नाहीसे झाले आणि तिथे विद्वान येऊन बसले.

मग मी 'शेतकऱ्यांनी', 'गावकऱ्यांनी' हे शब्द फाईलमध्ये शोधायला घेतले. समोर शब्द दिसत होता आणि कॉम्प्युटर म्हणत होता, सापडला नाही. याचंही कारण कळलं. युनिकोडमध्ये ही पापणी दोन प्रकारे लिहिता येते. एकात र च्या खाली टिंब असलेलं स्वतंत्र अक्षर वापरतात, आकडा २३५३. दुसऱ्यात नेहमीचा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह, आकडा ८२०५. दिसायला दोन्ही एकसारखी, पण आत वेगळी. साधा शोध आकडे जुळवतो, म्हणून सापडत नाही. मी सगळीकडे एकच प्रकार करून घेतला आणि मग शोध चालू लागला.

तुम्ही प्रबंधासाठी एखादा शब्द शोधता आणि यंत्र 'नाही' म्हणतं, तेव्हा लगेच विश्वास ठेवू नका. शब्द असतोही कधीकधी, वेगळ्या आकड्यांत.

रायतूरपासून आपल्यापर्यंत

पुढे कॉलेजात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण अभ्यासाला आलं, तेव्हा मला सीडी आठवली. १६१६ साली गोव्यात रायतूरला ते छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण लिपी रोमन, कारण छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणजे यंत्राला जी अक्षरं येत होती त्यांत मराठी बसवली. आजोबांच्या डीटीपीवाल्या काकांनीही दुसरं काय केलं होतं? १९०७ साली मंगळूरला जे. एल. सल्डान्हा यांनी काढलेली आवृत्तीही रोमन लिपीतच होती. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते पुराण पुण्याहून देवनागरीत आणलं. पहिली रोमन छपाई आणि ही देवनागरी आवृत्ती यांत ३४० वर्षांचं अंतर आहे.

रोमनमधली ओवी देवनागरीत आणताना कुठे त आहे आणि कुठे ट, कुठे न आणि कुठे ण, हे कुणीतरी बसून, अर्थ पाहून ठरवलं असेल. ते काम भाषा जाणणाऱ्या माणसाचं होतं. आजही तसंच आहे. कन्व्हर्टरने माझं खूप काम वाचवलं, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण आचारी आणि आचार्य यातला फरक त्याला कळणार नव्हता. तो कळला आजीला, जिची शाळा चौथीत सुटली होती, कारण ती त्या मांडवात होती.

माझ्या मते माहिती तंत्रज्ञानाबद्दल साहित्याच्या विद्यार्थ्याने एवढं तरी शिकावं. आपली भाषा यंत्रात कशी साठवली जाते हे माहीत हवं, आणि साठवलेलं बरोबर आहे का हे सांगू शकणारी माणसं आपल्यात आहेत तोवर त्यांना विचारून घ्यायला हवं. पहिलं मी फोनवर, फाईली उघडून, चुका करत शिकले. दुसरं आजीने शिकवलं. ४२ पैकी ३८ पानं तिने ऐकली. शेवटची चार ऐकायला ती राहिली नाही. त्या पानांत काही चूक राहिली असेल तर ती मला सापडेल याची खात्री नाही.

आपण काय करू शकतो

आपल्या मंडळाच्या कपाटात जुने वार्षिक अंक आहेत. त्यातल्या काहींच्या फाईली जुन्या फॉन्टमध्ये सीडीवर पडून आहेत. त्यासाठी मी चार गोष्टी सुचवते.

एक: आजपासून मंडळाचं सगळं लेखन युनिकोडमध्येच करावं. इन्स्क्रिप्ट वापरा नाहीतर इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारी पद्धत वापरा. आत आकडे तेच जातात.

दोन: नुसती पीडीएफ ठेवू नये. पीडीएफ दिसायला नीट असली तरी आत जुना फॉन्ट असू शकतो. तिच्यातलं एक वाक्य उचलून मोबाईलच्या मेसेजमध्ये चिकटवून पाहा. मराठी उमटलं तर ठीक, नाहीतर मूळ मजकूराची फाईल शोधायला लागा.

तीन: जुनं साहित्य बदलून घेतल्यावर मूळ पानांचे फोटो जपून ठेवावेत. शंका आली तर परत पाहता येईल असं काहीतरी हाताशी हवं. माझ्याकडे ते नव्हतं.

चार: बदललेला मजकूर मोठ्याने वाचावा, आणि ज्याच्या गावचा, ज्याच्या घरचा तो आहे त्याच्यासमोर वाचावा.

शनिवारी शेवटच्या तासानंतर मी ग्रंथालयात बसते. पहिली सीडी मी उघडून ठेवली आहे, १९ लेख आहेत. प्रत्येकाने एक घेतला तरी या सत्रात पुरे होतील. ज्यांच्या घरी असं काही जुनं पडलंय त्यांनी तेही घेऊन यावं, आणि येताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यात काय आहे ते विचारून यावं.